मंजुळाची सोबत

आबा उंबऱ्यावर बसून पायताणाचा तुटलेला अंगठा तारेनं आवळत होते आणि अंगणात मंजुळा उभी होती. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या, खांद्याला दप्तर. मी नुकतीच उठून चुलीपुढं चहा घेऊन बसले होते. तिला बघून कप तसाच ठेवला आणि धावत बाहेर आले.

"मंजे! अगं, काल रात्री आले मी. तुझ्याकडंच येणार होते आता."

"कळलं मला. जीप आलेली दिसली," ती म्हणाली. हसली, पण जागची हलली नाही.

"शाळेला निघालीस?"

"मग? आमची गणपतीची सुट्टी परवापासनं हाय. तुमच्यासारखी लांबलचक न्हाई."

"एकटी?"

तिनं आबांकडं बघितलं. आबा उठले, डोक्याला मुंडासं गुंडाळलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "चल गं पोरी, उशीर होतोय." आणि ते निघाले. पुढं आबा, बऱ्याच अंतरानं मागं मंजुळा. दोघंही काजूच्या बागेआड दिसेनासे झाले.

मी आत आले. आई भाकरी थापत होती.

"आई, आबा कुठं गेले? त्यांना काजूच्या कारखान्याला जायचं नाही?"

"कारखाना सोडला त्यांनी."

"कधी?"

"तू गेलीस त्याच महिन्यात." आईनं भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच. "सकाळी तिला सोडायचं, सांजच्याला आणायचं. मधल्या वक्ताला कुणाचं कुंपण घाल, कुणाची लाकडं फोड. भट्टीवरचं कायमचं काम सोडून माणूस दुसऱ्याची पोरगी शाळेला पोचवतोय. इचार तुझ्या बापाला, का म्हणून. मला तर सांगत न्हाईत."

आमची धामणवाडी डोंगराच्या कुशीत, मोजक्या घरांची. शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर खाली वडगावच्या हायस्कूलला जायचं आणि तिकडं जाणारी पायवाट जंगलातून, ओढा ओलांडून. गाडीरस्ता होता, पण तो डोंगराला वळसा घालून, आणि त्यावर रोजचं वाहन नव्हतं. जंगलात गवे होते. मी सहावीत असताना ओढ्याजवळ एका गव्यानं वाडीतल्या माणसाला शिंगावर घेतलं होतं. तो जगला, पण वाडीतल्या पोरींची शाळा त्या दिवशी संपली. मुलगे टोळक्यानं जायचे, पळत सुटायचे, त्यांची काळजी कुणी करायचं नाही. पोरी मात्र सातवी झाली की काजू फोडायला बसायच्या.

आबांनी मला पाठवायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली होती, एकटीला नाही. मग आबा गुंडूकाकांकडं गेले. मंजुळा माझ्याच वर्गात होती. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते, आई माहेरी जाऊन दुसरीकडं नांदायला गेली होती, आणि मंजुळाला तिच्या चुलत्यानं, गुंडूकाकांनी सांभाळलं होतं. गुंडूकाका वाईट माणूस नव्हता. पण भावाची पोरगी म्हणजे त्याला काचेचं भांडं हातात दिल्यासारखं वाटायचं. आबांनी त्यांना शब्द दिला, "माझी पोरगी जाते तवर तुझी जाईल. दोघींची सोबत एकमेकींना, आणि जबाबदारी माझी." त्या शब्दावर मंजुळा आठवीला आली. आठवी, नववी आम्ही दोघींनी ती वाट तुडवली. ओढ्याला पाणी असलं की एकमेकींचा हात धरून, गव्यांचा वास आला की मोठमोठ्यानं पाढे म्हणत.

वर्गात तिचा नंबर नेहमी पहिला. माझा कधी पाचवा, कधी नववा.

नववीच्या परीक्षेनंतर हेडमास्तर देसाई सर आमच्या घरी आले होते. मी तेव्हा पाण्याला गेले होते. परत आले तर सर निघालेले. दोन-चार दिवसांनी आबांनी सांगितलं की गडहिंग्लजला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे, राहणं-जेवण सगळं तिथं, वडगावच्या शाळेतून दर वर्षी एक मुलगी घेतात, आणि या वर्षी मला घेतलंय. दहावी तिथं करायची. मी उड्या मारल्या. मग आठवलं आणि विचारलं, "आणि मंजी?"

"गुंडूशी मी बोलतो," आबा म्हणाले होते.

मी गेले. गडहिंग्लजला पक्कं घर, नळाचं पाणी, संध्याकाळी शिकवणी, प्रयोगशाळा. मला वाटलं होतं, मंजुळा घरीच बसली असेल. त्या विचारानं सुरुवातीला झोप लागत नव्हती. नंतर लागायला लागली.

आणि आता आबा तिला सोडायला जात होते. खरं सांगायचं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण तोंडात काहीतरी कडवट आलं. आम्ही दोघी दोन वर्षं त्या वाटेनं गेलो, तेव्हा आबा एकदाही बरोबर आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस होता. मी पहाटेच तयार होऊन बसले. "मी पण येते," म्हटलं. आबांनी माझ्याकडं बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत.

वाटेनं आम्ही दोघी मागं, आबा पुढं. मी मंजुळाशी बोलत होते. वसतिगृहातल्या बाई, तिथल्या मैत्रिणी, बीजगणिताचे नवे सर. ती ऐकत होती. मधेच विचारायची, "वर्तुळाचं प्रमेय झालं तुमचं? आमचं न्हाई झालं अजून." मी सांगत होते. आबा मागं वळून बघत नव्हते.

"एवढं पुढं का चालतात गं?" मी हळूच विचारलं.

"लोक बोलतात म्हणून. पहिल्या आठवड्यात कुणीतरी आमच्या गुंडूकाकांजवळ बोललं. परका माणूस, वयात आलेली पोरगी. तवापासनं ते पुढं, मी मागं. एक शब्द बोलत न्हाईत वाटेत."

ओढ्याच्या अलीकडं दाट झाडी आहे. तिथं आबा एकदम थांबले. हात मागं करून त्यांनी आम्हाला थांबायची खूण केली. वाटेवरच, झाडाच्या सावलीत, तो उभा होता. एकटा, म्हातारा नर गवा. कळपातून बाहेर पडलेला असा एकांडा फार वाईट, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. पाय पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि पाठीची वशिंडासारखी धार सावलीतही चमकत होती. त्यानं मान खाली घातली आणि नाकातून फुसकारला.

"झाडाआड व्हा," आबा हळू आवाजात म्हणाले. "पळू नका."

मंजुळानं माझा दंड धरला. आम्ही जांभळीच्या बुंध्यामागं सरकलो. आबा मात्र हलले नाहीत. काठी आडवी धरून ते वाटेच्या मधोमध उभे राहिले, आमच्या आणि त्याच्या मधे. बाजूला व्हायला जागा होती. मी मनात म्हणत होते, आबा, सरका, बाजूला सरका. ते सरकले नाहीत. गव्यानं पुढचा पाय जमिनीवर आपटला. आबा काहीतरी पुटपुटत होते, देवाचं नाव असेल. मग कितीतरी वेळानं त्यानं मान वळवली आणि झाडी मोडत खाली उतरून गेला.

आबांनी काठी खाली टेकवली. ते एका दगडावर बसले.

"आबा, बाजूला का झाला नाहीत?" मी ओरडलेच. "तो आला असता अंगावर!"

"आला असता तर आला असता," ते म्हणाले. मग मंजुळाकडं बघून, "चल पोरी. प्रार्थना चुकंल."

वडगावला शाळेच्या फाटकाशी मंजुळा आत गेली. आबा आणि मी परत फिरलो. आता आम्ही दोघंच होतो, आणि माझ्यात जे साचलं होतं ते बाहेर आलं.

"आम्ही दोन वर्षं आलो-गेलो. कधी आला होता का सोडायला? मी तुमची पोरगी आहे ना? तिच्यासाठी भट्टी सोडली, गव्यापुढं उभे राहिलात. माझ्यासाठी राहिला असता?"

आबा चालत राहिले. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. मग एकदम थांबून त्यांनी काठी जमिनीत रोवली.

"ती जागा तुझी न्हवती," ते म्हणाले.

"कुठली जागा?"

"गडहिंग्लजची. वसतिगृहाची. देसाई सर आले ते मंजुळासाठी आले होते. म्हणाले, परशराम, पोरगी हुशार हाय, बाप न्हाई, संस्थेवाले लगेच घेतील. गुंडू माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकतो, तेवढं त्याला समजावून सांगा."

"मग?"

"मग काय. मी दोन दिवस घरात बसून राहिलो. गुंडूच्या दारात गेलोच न्हाई. तिसऱ्या दिवशी खाली शाळंत गेलो आणि सरास्नी म्हणलं, गुंडू न्हाई म्हणतोय. सर हळहळले. म्हणाले, मग तुमची वैजयंता तरी जाऊ दे, जागा वाया जायला नको." आबांनी तोंडावरून हात फिरवला. "मी मागितली न्हाई. तेंनी आपणहून दिली. पर त्यासाठीच तर गेलो होतो मी."

 गडहिंग्लजची माझी खाट डोळ्यापुढं आली. खिडकीजवळची. माझं ताट. माझ्या नावाची पाटी लावलेलं कपाट.

"आणि गुंडूकाकांना दिलेलं वचन?"

"ते बी मोडलं. तू गेलीस आणि गुंडू म्हणाला, आता सोबत न्हाई, बसंल घरी. मी तोंड वर करून काय बोलणार? शाळा सुरू झाली त्या दिवशी सकाळी पोरगी दप्तर घिऊन आपल्या अंगणात उभी. म्हणाली, 'काका, मला शाळंला पोचवा.' एवढंच. मागनं गुंडू आला बोलवायला. मी म्हणलं, मी नेतो, मी आणतो. उद्या बी, परवा बी."

"तिला ठाऊक आहे हे सगळं?"

"न्हाई," आबा म्हणाले. "कुणालाच न्हाई. तुझ्या आईला बी न्हाई."

"मी परत जात नाही," मी म्हणाले. "मी इथं राहते. आम्ही दोघी जाऊ पहिल्यासारख्या."

"आता तू आलीस म्हणून तिला ती जागा मिळायची न्हाई. दोघींचं बी जाईल." आणि मग, कधी नव्हे ते, आबा माझ्यापुढं गयावया करून बोलले, "वैजू, माझं हे एवढं वर्ष तरी पार पडू दे."

दुपारी मी आबांना म्हटलं, तुम्ही बसा, मंजीला आणायला मी जाते, बरोबर दोन-चार बायका आहेत बाजाराला जाऊन येणाऱ्या. येताना त्या बायका पुढं गेल्या आणि आम्ही दोघी रेंगाळत मागं राहिलो. मला गप्प बसवेना. पण सांगायचं कसं, तेही कळेना.

"मंजे, मी वसतिगृह सोडून परत येऊ का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "कुणी सांगितलं तुला? तुझ्या आबांनी?"

"काय सांगितलं?"

"उगं भोळी होऊ नगंस. सकाळपासनं तुझं तोंड बघतेय मी." ती चालता चालता वाटेकडेची पानं तोडत होती. "मला जूनमधीच कळलं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाजाराला गेले होते, तवा देसाई सर भेटले. म्हणाले, तुझ्या काकांनी न्हाई म्हटलं, फार वाईट झालं बघ. मी घरी येऊन काकांना इचारलं, परशरामकाका काय इचारायला आले होते का? ते म्हणाले, न्हाई बा, का गं? मी म्हणलं, काय न्हाई."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? काकांनी आणि तुझ्या आबांनी भांडण केलं असतं. सगळ्या वाडीनं तमाशा बघितला असता. आणि मी बसले असते काजू फोडत." तिचा आवाज बदलला नव्हता, गणित सोडवताना बोलायची तसंच बोलत होती. "रात्रभर इचार केला. मला शाळंला न्यायला एकच माणूस वाडीत होता, जो मला न्हाई म्हणू शकला नसता. सकाळी त्याच्याच दारात जाऊन उभी राहिले."

मी रडायला लागले.

"रडू नगंस," ती म्हणाली. "तू काय केलंस? तुला कुठं माहीत होतं? पर तू परत येऊ नगंस, वैजू. तू आलीस तर तुझे आबा सुटतील. मला त्यास्नी सुटू द्यायचं न्हाई."

ती असं म्हणाली आणि मग पुढच्या बायकांना गाठायला झपाझप चालायला लागली.

गणपती झाले, गौरी झाल्या, मी गडहिंग्लजला परत गेले. मन लावून अभ्यास केला असं म्हणायची माझी हिंमत नाही. पुस्तक उघडलं की वाटायचं, हे वाचायला इथं दुसरं कुणीतरी हवं होतं. आबांनी ते वर्ष पार पाडलं. थंडीत, तापात, एकदा पाय मुरगळला असताना काठी टेकत. बोर्डाच्या परीक्षेला ते मंजुळाला रोज केंद्रावर घेऊन गेले आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहिले. आई शेवटपर्यंत विचारत राहिली आणि आबा सांगत नव्हते.

निकाल लागला. मंजुळा वडगावच्या शाळेत पहिली आली. मी पास झाले, तिच्या खूप मागं.

देसाई सर म्हणाले, अकरावीलाही संस्थेवाले घेतील, मंजुळाला तर नक्की घेतील, या वेळी दोघींना घेतील. त्याच संध्याकाळी आबा गुंडूकाकांकडं निघाले. मला म्हणाले, "तू बी चल. माझ्या तोंडून पुन्हा काय राहून जायला नको."

गुंडूकाका ओसरीवर सुतळी वळत बसले होते. मंजुळानं आम्हाला चहा आणून दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आबांनी सरांचा निरोप नीट, एकही शब्द न गाळता सांगितला.

गुंडूकाकांनी सुतळी बाजूला ठेवली. "परशराम, तू वर्षभर पायपीट केलीस, तुझे उपकार हायेत. पर परगावी ठेवायचं जमायचं न्हाई. माझ्या पोटच्या पोरीचं काय झालं तर मी रडंन आणि गप्प बसंन. हिचं काय झालं तर लोक मला फाडून खातील. म्हणतील, भावाची पोर, टाकली कुठं तरी."

"गुंड्या," आबा म्हणाले, "मला एक सांगायचं हाय तुला."

आणि त्यांनी सांगितलं. सर घरी आले होते तिथपासून, दोन दिवस घरात बसून राहिले, तिसऱ्या दिवशी खाली जाऊन खोटं बोलले, सगळं. मान खाली घालून, चहाच्या कपाशी बोलल्यासारखं.

गुंडूकाका आबांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि आबांना ओसरीवरून खाली ढकलतील. पण ते म्हणाले, "उगं जिवाला लावून घेऊ नको. तू आला असतास तरी मी तवा बी न्हाईच म्हणलो असतो."

"म्हणला असतास," आबा म्हणाले. "तर ते तुझं झालं असतं. मी तुला म्हणू दिलं न्हाई. आता ते माझं हाय."

"मी व्हय म्हणले असते."

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. मंजुळा चौकटीत तशीच उभी होती.

"तवा मला कुणी इचारलं असतं तर," ती म्हणाली, "मी व्हय म्हणले असते. सरांनी काकांना इचारायला तुम्हाला सांगितलं. तुम्ही काकांना इचारलं न्हाई. आज बी काकांनी मला इचारलं न्हाई. मी इथंच होते."

आबांनी वर बघितलं. तिच्या आवाजात नवल नव्हतं; तिला सगळं आधीपासून माहीत होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

गुंडूकाकांनी घसा साफ केला. "बरं मग. आता इचारतो. जातीस?"

"आता?" मंजुळा म्हणाली. "आता माझ्या लग्नाची सुपारी फुटली न्हवं. मागच्या रविवारी, बेळगावात. तुम्हीच शब्द दिलाय तेंच्या घरच्यास्नी."

गुंडूकाकांनी सुतळी पुन्हा हातात घेतली. ती पुढं आली, आमचे कप उचलले आणि आत गेली.

पावसाळ्यानंतर, तुळशीचं लग्न झाल्यावर, तिचं लग्न झालं. बेळगावकडचं घर, माणसं बरी होती. मी वसतिगृहातून दोन दिवसांसाठी आले होते. आबा सकाळपासून मांडवात राबत होते, पंगतीत वाढत होते, पण स्वतः जेवायला बसले नाहीत. गुंडूकाकांनी दोनदा हाताला धरून ओढलं, तरी नाही.

निघताना मंजुळा सगळ्यांच्या पाया पडत आबांपुढं आली. आबा मागं सरले. "माझ्या नको पडू, पोरी."

ती वाकलीच. उठताना म्हणाली, "काका, दहावी तुमच्यामुळंच झाली माझी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरं तेच सांगत होती. आणि तेच आबांना सोसलं नाही. ते मांडवातून बाहेर पडले, आणि तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत कुणाला दिसले नाहीत.